मिलिंद म्हणजे काय?

माझं नाव ग्रीक आहे, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. बरोबरच आहे. मूळ गाव मराठवाड्यात, जन्म आणि सगळं आयुष्य भिवंडीत, वडील एस.टी.त कंडक्टर, आणि नाव म्हणे ग्रीक! पण मंडळी, हे खरं आहे. नुसतं माझंच नाही, तुमच्या ओळखीतल्या प्रत्येक मिलिंदाबद्दल हे बोलता येईल. (आणि एक तरी मिलिंद ओळखीचा नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय.)

हे सगळं लिहायला निमित्त झालं भाचीचं. तिला मुलगा झाला, आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे नाव "हटके" हवं. फॅमिली ग्रुपवर रोज याद्या यायला लागल्या. त्यात एक दिवस तिने विचारलं, "मामा, एखादं ग्रीक नाव सुचव ना, छोटंसं, अर्थ चांगला असलेलं." मी लिहिलं, "मिलिंद." तिने हसण्याचे चार चेहरे पाठवले. तिला वाटलं मामाने नेहमीसारखा पांचट विनोद केला. तेव्हा म्हटलं, एकदा नीट बसून लिहूनच काढावं.

तर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, साधारण 155 ते 130 या काळात, मेनांद्रोस नावाचा एक ग्रीक राजा होऊन गेला. इंग्रजी पुस्तकांत तो मिनँडर म्हणून भेटतो. अलेक्झांडर आला आणि परत फिरला, पण त्याच्या मागे अफगाणिस्तानच्या बाजूला ग्रीक वसाहती राहिल्या. त्यांच्या पुढच्या पिढ्यांमधला हा राजा. राजधानी सागल, म्हणजे बहुतेकांच्या मते आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट. स्ट्रॅबो हा जुना ग्रीक भूगोलकार सांगतो की, हिंदुस्थानच्या बाजूला मेनांद्रोसने अलेक्झांडरपेक्षाही जास्त टोळ्या जिंकल्या. त्याची नाणी ढिगाने सापडली आहेत. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत आपल्या ओळखीची भाषा: "महाराजस त्रातरस मेनंद्रस". तारणहार महाराज मेनंद्राचं, असा त्याचा अर्थ. म्हणजे नाव बदलायला सुरुवात त्याच्या हयातीतच झाली होती, आणि तीसुद्धा त्याच्याच टांकसाळीत.

मेनंद्रचा मिलिंद कसा झाला हे कळायला पंडित व्हावं लागत नाही, घरातलं मराठी पुरतं. पाली बोलणाऱ्या लोकांना शब्दाच्या शेवटचा "द्र" झेपत नसे. चंद्राचा ते चंद करत, इंद्राचा इंद. तसा मेनंद्राचाही "र" गळाला. राहिला "न"चा "ल". तो तर आपण अजून करतो. संस्कृतातल्या निंबाचं आपल्याकडे लिंब झालं आणि नवनीताचं लोणी! त्याच चालीने मेनंद्राचा मिलिंद झाला. पुढे काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात संस्कृतात लिहिताना हे नाव "मिलिंद्र" असं लिहिलं. गळालेला "र" परत चिकटवला बिचाऱ्याने.

अर्थ काय? "मेनांद्रोस" या नावाचे दोन तुकडे होतात. दुसरा तुकडा "आंद्रोस" म्हणजे माणूस, पुरुष. संस्कृतातला नृ किंवा नर आणि हा ग्रीक शब्द एकाच मुळाचे. पहिल्या तुकड्याबद्दल दोन मतं. एका मताप्रमाणे तो ठामपणे उभं राहणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. मग नावाचा अर्थ माणसांसमोर पाय रोवून उभा राहणारा. दुसऱ्या मताप्रमाणे तो "मेनोस" वरून आला, म्हणजे जोर, धमक, आतली ऊर्मी. आणि हे मेनोस म्हणजे आपलं मनस्, एकाच आजीची दोन नातवंडं. म्हणजे दूरदेशीचं म्हणून जे नाव आपण बघतो, त्यात एक मन आहे आणि एक नर आहे. परकं कुठे राहिलं ते?

आता भिवंडीतली गंमत ऐका. आमच्या चाळीला लागूनच लूमचा कारखाना होता. दिवसरात्र खटखट, ती थांबली की झोपमोड व्हायची. त्या लूमवर, शेजारच्या लूमवर, बाजारात, कुठेही हाक मारा, एखादा सिकंदर सापडणारच. सिकंदर म्हणजे अलेक्झांडर हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मूळ ग्रीक नाव अलेक्सांद्रोस. अरबांना वाटलं यातला "अल" म्हणजे आपल्या भाषेतला शब्दाआधी लागतो तो अल, म्हणून तो त्यांनी वेगळा काढला. उरलेल्याचं इस्कंदर झालं, फारसीतून इकडे येताना सिकंदर. अर्थ, माणसांचं रक्षण करणारा. यातला "अलेक्स" आणि आपला संस्कृत "रक्ष" हेही नात्यातलेच. पण मला यातलं खरं मोठं वाटलं ते वेगळंच. मेनांद्रोस आणि अलेक्सांद्रोस, दोन्हींच्या शेवटी तोच "आंद्रोस" आहे. म्हणजे आमच्या गल्लीतला मिलिंद आणि लूमवरचा सिकंदर यांच्या नावाचं शेपूट एकच! एक पालीतून आला, एक फारसीतून, आणि दोघे दोन हजार वर्षांनी भिवंडीत एकाच टपरीवर चहा प्यायला.

हे नुसतं गमतीचं म्हणून सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. 1984 च्या मे महिन्यात मी तेरा वर्षांचा होतो. ज्यांना भिवंडी फक्त पेपरातून माहीत आहे त्यांना ती 1970 आणि 1984 च्या दंगलींमुळेच माहीत आहे. त्या दिवसांत नाव विचारणं ही साधी गोष्ट उरली नव्हती. नाव काय, यावर पुढचं सगळं ठरत होतं. त्या वयात मला हे कळलं की नाव आपण आपल्यासाठी ठेवत नाही, दुसऱ्याने आपल्याला कुठल्या रांगेत उभं करायचं ते ठरवायला ते त्याच्या हाती देतो. दोन नावांचं शेपूट एक असल्याचं तेव्हा कोणाला ठाऊक असतं तरी काही फरक पडला नसता, हेही मला माहीत आहे. तरीही मी ते सांगत राहणार.

असो. माझं नाव माझ्यापर्यंत कसं आलं ते सांगतो, कारण ते काही सियालकोटहून थेट आलं नाही. मधे औरंगाबाद लागलं.

बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं आणि 1950 मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) दुसरं कॉलेज. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, निजामाची राजवट जाऊन दोन वर्षं झालेली, उच्च शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी. या कॉलेजला नाव मिळालं मिलिंद महाविद्यालय, आणि ज्या आवारात ते उभं राहिलं त्याला नागसेनवन. माझे थोरले काका तिथे शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. वसतिगृहात राहिले, एक वेळ जेवून राहिले, पण शिकले. सुट्टीत गावी आले की आजीला कॉलेजचं नाव सांगायचे, आणि आजी म्हणायची, कोण रं हा मिलिंद, लई शिकलेला होता का? 1971 मध्ये माझा जन्म झाला तेव्हा काकांचं पत्र आलं. मुलाचं नाव मिलिंद ठेवा. पत्रात दुसरं काही कारण दिलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्यासारख्या घरांमध्ये नावंच बदलून गेली. आजोबांच्या पिढीत धोंडू, कचरू, दगडू. मुलांना जाणूनबुजून ठेवलेली आणि काही वेळा दुसऱ्यांनी ठेवायला लावलेली नावं. आणि नातवांच्या पिढीत सिद्धार्थ, गौतम, आनंद, राहुल, नागसेन, मिलिंद. हा बदल कुठल्याही कायद्याने झाला नाही. बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या बायांनी केला. मला हा आपल्या काळातला फार मोठा आणि फार कमी बोलला गेलेला बदल वाटतो.

पण मिलिंद हे नाव या यादीत थोडं वेगळं आहे. सिद्धार्थ कॉलेजला नाव बुद्धाचं. नागसेनवनाला नाव भिक्खूचं. मिलिंद मात्र वादात हरलेल्या माणसाचं नाव आहे!

पालीत "मिलिंदपञ्ह" नावाचा ग्रंथ आहे, म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. ब्रह्मदेशात तो थेट त्रिपिटकात धरतात. सगळा ग्रंथ म्हणजे राजा मिलिंद विचारतोय आणि भिक्खू नागसेन उत्तर देतोय. हा राजा विद्वान, वादात कोणाला न ऐकणारा, भल्याभल्यांना गप्प केलेला. त्यातली एक जागा मला फार आवडते. राजा म्हणतो, वाद करू या का? नागसेन म्हणतो, पंडितांसारखा करणार असाल तर करू, राजांसारखा करणार असाल तर नको. फरक काय? तर पंडित वादात एकमेकांचं म्हणणं खोडतात, चूक दाखवतात, चूक मान्यही करतात आणि तरी रागावत नाहीत. राजे मात्र एक म्हणणं मांडतात आणि कोणी नाही म्हटलं की त्याला शिक्षा करतात. मिलिंद म्हणतो, पंडितांसारखा करू, मनात भीती न ठेवता बोला.

कॉलेजला हे नाव का शोभतं, ते मला इथे समजलं. ज्यांच्या आजोबांना पाटलासमोर तोंड उघडायची सोय नव्हती, त्या पोरांच्या कॉलेजच्या दारावर अशा राजाचं नाव, ज्याने सत्ता बाजूला ठेवून एका भिक्खूशी बरोबरीने वाद घातला आणि पटलं तेव्हा पटलं म्हणून सांगितलं. त्याच कॉलेजात पुढे गंगाधर पानतावणे शिकवत होते, ज्यांनी "अस्मितादर्श" चालवलं आणि दलित साहित्याची एक पिढी त्यातून लिहिती झाली. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव वाया गेलं नाही, एवढं नक्की.

आता दुसरा मिलिंद. शाळेत आमच्या वर्गात आम्ही दोघे मिलिंद होतो. आठवीत संस्कृत सुरू झालं तेव्हा सरांनी विचारलं, मिलिंद म्हणजे काय? मी हात वर करून म्हटलं, राजा. दुसरा मिलिंद म्हणाला, भुंगा. सर म्हणाले, भुंगा बरोबर. आणि कोशात बघितलं तर खरंच बरोबर आहे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भ्रमर. सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताने "भामिनीविलास"मध्ये हा शब्द मध चाखणाऱ्या भुंग्यांसाठीच वापरलाय. म्हणजे माझ्या नावाला दोन मुळं. एक पालीतलं आणि ग्रीकांपर्यंत जाणारं, एक संस्कृत काव्यातलं. दोन्हींचा आवाज एक.

म्हणूनच हे नाव महाराष्ट्रात इतकं पसरलं. क्रिकेटपटू मिलिंद रेगे यांचा जन्म 1949 चा, म्हणजे धर्मांतराच्या आधीपासून हे नाव घरोघरी होतंच. मिलिंद सोमण, मिलिंद गुणाजी, "शाळा" लिहिणारे मिलिंद बोकील, दलित उद्योजकांची संघटना उभी करणारे मिलिंद कांबळे. नुसतं पहिलं नाव वाचून कोणाचं घर कुठलं ते सांगून दाखवा! नाही सांगता येत.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. नावावरून कळत नाही म्हटल्यावर लोक पुढचं विचारतात. नोकरीला लागलो तेव्हा एका ऑफिसात पहिल्याच दिवशी एका साहेबांनी विचारलं, "मिलिंद... पुढे?" मी आडनाव सांगितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, तेही चार जातींत असतं. तेव्हा ते जरा अडले, आणि मग हसत म्हणाले, "छान नाव आहे. अर्थ काय हो मिलिंदचा?" प्रश्न साधाच. पण मला तोवर एवढं समजलं होतं की या प्रश्नाचं उत्तर हेच माझं आडनाव आहे. भुंगा म्हटलं तर एक घर, राजा म्हटलं तर दुसरं घर. मी म्हटलं, "राजाचं नाव आहे, नागसेनाशी वाद घालणारा." ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि फाइल उघडली. बाकी काही झालं नाही. झालं नाही म्हणजे बोललं गेलं नाही. दुपारी डबा खाताना टेबलावरची माणसं मात्र थोडी सरकून बसली होती.

कितीतरी दिवस मला त्या शाळेतल्या भुंग्याचा राग होता. सरांनी त्याचं बरोबर म्हटलं, माझं नाही, म्हणून. मग मिलिंदपञ्हाचं भाषांतर हाती लागलं (ऱ्हीस डेव्हिड्स यांचं इंग्रजी भाषांतर 1890 आणि 1894 असं दोन भागांत निघालंय), आणि मी थक्क झालो. कारण या दोघांची पहिली ओळख होते ती नावावरूनच. राजा पहिलाच प्रश्न विचारतो, भदंत, आपलं नाव काय? नागसेन सांगतो की मला नागसेन म्हणतात, आईबाप अशी काही नावं ठेवतात, पण हे नाव म्हणजे फक्त व्यवहारापुरती हाक आहे. त्या नावाच्या आत नागसेन नावाची कुणी वेगळी वस्तू सापडत नाही. राजा उसळतो. म्हणजे तुमचे केस नागसेन नाहीत? नखं नाहीत? मग नागसेन आहे तरी कोण? नागसेन त्याला शांतपणे विचारतो, आपण इथे पायी आलात की रथातून? रथातून. मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं? जू? नाही, नाही, नाही. मग रथ कुठे आहे? राजा म्हणतो, या सगळ्यांमुळे मिळून "रथ" असं म्हणतात. नागसेन म्हणतो, माझंही तसंच.

मी लूमशेजारी वाढलो, त्यामुळे मला हे रथापेक्षा मागावर पटकन समजलं. धोटा म्हणजे माग का? नाही. फणी? नाही. बीम, पट्टा, मोटर? नाही. सगळं जागच्या जागी बसून चालू लागलं, कापड निघू लागलं की आपण म्हणतो माग चाललाय. मिलिंदही तसाच. काकांचं पत्र, आजीचा प्रश्न, नागसेनवनाचं गेट, ग्रीक आईबापांनी ठेवलेलं नाव, पाली जिभेने गाळलेला "र", एवढं सगळं मिळून मी हाकेला ओ देतो. यात भुंगा आला तर आला, माझं काय जातं?

नावांची ही देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात जा. तिथल्या चैत्यगृहातले काही खांब यवनांनी, म्हणजे तेव्हा ज्यांना ग्रीक समजत त्यांनी, दान दिले आहेत. त्यातल्या एकाचं नाव कोरलंय सिहधय, म्हणजे सिंहध्वज. नाशिकच्या लेण्यात दान देणारा एक यवन आहे, दात्तामित्रीचा राहणारा, नाव इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धम्मदेव. अस्सल इथली नावं! आमच्या शेजारचं कल्याण तर पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासी-पुस्तकातच आहे. ग्रीक जहाज चुकून तिथे लागलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी तक्रार त्यात आहे. त्याच पुस्तकात असंही आहे की भडोचच्या बाजारात मेनांद्रोसची जुनी नाणी अजून चालतात. राजा जाऊन दोनशे वर्षं होत आली होती, राज्य केव्हाच बुडालं होतं, आणि गुजराती व्यापारी त्याच्या नावाने सुटे पैसे मोजत होता.

मेनांद्रोसच्या शेवटाच्याही दोन गोष्टी आहेत. मिलिंदपञ्ह सांगतो की तो मुलाला राज्य देऊन भिक्खू झाला. प्लुटार्क हा ग्रीक लेखक सांगतो की तो छावणीत वारला, आणि त्याच्या रक्षेवरून गावागावांत इतका हट्ट झाला की शेवटी वाटे करून प्रत्येकाने आपापल्या गावी स्मारक बांधलं. मला ही दुसरी गोष्ट आवडते. रक्षेचे वाटे झाले तसेच नावाचेही झाले. एक वाटा कोशात गेला, एक औरंगाबादला, एक टीव्हीवर, एक भिवंडीच्या चाळीत.

शाळेतला तो दुसरा मिलिंद अजून भिवंडीतच आहे. लूम बंद करून गोडाऊन भाड्याने दिलंय, इथल्या बऱ्याच जणांनी केलं तसं. भेटला की मी त्याला "काय भुंग्या" म्हणतो आणि तो मला "बोला महाराज". हल्ली कोणी नावाचा अर्थ विचारला तर मी दोन्ही सांगतो, आधी राजा, मग भुंगा, याच क्रमाने. क्रम मात्र मी बदलत नाही.